काळ्या रानाचा बैल



या व्याख्यानमालेत आजवर संतवाङ्मयावर, संस्थानी गायकीवर, शिलालेखांवर व्याख्याने झाली. त्या रांगेत एका होमिओपॅथिक डॉक्टरने उभे राहून बैलाचा इतिहास सांगावा, याचे काहींना नवल वाटेल. मी पशुवैद्य नाही. पण चिकोडी, रायबाग, अथणी या भागांतल्या शेतकऱ्यांमध्ये पस्तीसहून अधिक वर्षे दवाखाना चालवला की, माणसाच्या दुखण्याबरोबर गोठ्याची कथाही ऐकावी लागते. गुडघा किती दिवस दुखतो असे विचारले तर उत्तर येते, ‘म्हातारा बैल विकला त्या साली धरलं बघा डॉक्टर.’ या ऐकण्यातूनच मला या विषयाची गोडी लागली, आणि मग पुस्तके, गॅझेटियर, जुने अहवाल वाचत गेलो.

ज्या जातीविषयी मी बोलणार आहे तिचे नाव सरकारी दप्तरात ‘कृष्णा व्हॅली’ असे आहे. आपण तिला कृष्णाखोरी म्हणू. खिल्लार सगळ्यांना ठाऊक असते, गीर तर आता शहरातल्या माणसालाही ठाऊक झाली आहे. कृष्णाखोरी मात्र तिच्या स्वतःच्या मुलखातही पुष्कळांना ठाऊक नाही. तरी एका अर्थी ती आपल्याच माणसांनी घडवलेली जात आहे, आणि तेही फार प्राचीन काळी नव्हे. तिचे वय जेमतेम दीडशे वर्षांचे आहे.

आधी जमीन समजून घेऊ, कारण जमीन समजल्याशिवाय हा बैल समजत नाही.

कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा या नद्यांच्या काठची काळी रानं आपण सर्वांनी पाहिली आहेत. उन्हाळ्यात त्यांना हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाऊस पडला की हीच माती फुगते, भेगा मिटतात आणि चिखल असा धरतो की पायातली चप्पल तिथेच राहते. या मातीतल्या चिकणमातीचे कण पाणी शोषून फुगणाऱ्या प्रकारचे असतात. ओली असताना ती औताला चिकटते आणि वाळली की दगडासारखी होते. या दोन टोकांच्या मधे जे थोडे दिवस मिळतात त्यांना आपण वाफसा म्हणतो. सारी पेरणी त्या वाफशावर अवलंबून असते. शाळूची पेरणी हुकली तर वर्ष हुकले. म्हणजे या रानात वर्षभर रोज थोडे काम करणारा बैल पुरत नाही. वाफशाच्या त्या आठ-दहा दिवसांत जीव तोडून ओढणारा, चिखलात न डगमगणारा, वजनदार बैल लागतो. त्यात कुंदा आणि हरळी ही दोन तणं या रानांचे जुने वैरी. त्यांच्या मुळ्या इतक्या खोल जातात की त्या उपटायला मोठा लाकडी नांगर आणि त्याला तीन-तीन, चार-चार जोड्या जुंपाव्या लागत. आमच्या भागातले वयस्कर शेतकरी या नांगराची आठवण अजून सांगतात.

इथून उत्तरेला माणदेश आहे. आटपाडी, म्हसवड, दिघंची हा तो पट्टा. तिथे पाऊस वीस इंचांच्या आसपास आणि जमीन बहुतेक हलकी, मुरमाड. पाणी आणि चारा शोधत जनावरांना मैलोन्‌मैल चालावे लागते. तिथला बैल खिल्लार: उंच, सडसडीत, लांब शिंगांचा, काळ्या कठीण खुरांचा, तापट आणि पळण्यात पटाईत. खिल्लार हे नावच मुळी कळप या अर्थाच्या शब्दावरून आले, आणि तो कळप राखणारे ते थिल्लारी. कोसा आणि काजळी हे त्याचे रंग ओळखणारी माणसे आजही खरसुंडीच्या किंवा चिंचलीच्या जत्रेत भेटतात. हा बैल हलक्या रानात आणि रस्त्यावर राजा आहे. पण खोल काळ्या चिखलात त्याची चपळाई फारशी कामाला येत नाही. एकमेकांपासून फार दूर नसलेल्या दोन मुलखांत दोन प्रकारची माती, आणि त्यामुळे दोन प्रकारच्या बैलांची गरज. पर्यावरणाशी अनुकूलन म्हणजे काय ते शिकायला यापेक्षा चांगले उदाहरण मला आपल्या आसपास सापडले नाही.

आता इतिहासाकडे येतो. एकोणिसाव्या शतकात हा मुलूख अनेक संस्थानांत वाटलेला होता. सांगली, मिरजेच्या दोन शाखा, कुरुंदवाडच्या शाखा आणि जमखंडी ही पटवर्धनांची संस्थाने, मुधोळ घोरपड्यांचे, रामदुर्ग भाव्यांचे. इंग्रज या सगळ्यांना मिळून दक्षिण मराठा संस्थाने म्हणत. त्यांच्या सीमा आजच्या नकाशावर बसत नाहीत. आपले शहापूर सांगलीचे होते, तेरदाळही सांगलीचे. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे 1861 ते 1865 या वर्षांत, आपल्याकडच्या कापसाला अचानक भाव आला आणि काळ्या रानाची किंमत वाढली. मग 1876 ते 1878 चा भयंकर दुष्काळ आला. त्या काळी ज्याला कलादगी जिल्हा म्हणत आणि 1885 साली ज्याचे विजापूर झाले, तो या दुष्काळात सर्वांत जास्त होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक. माणसे मेली, गावे उठली; आणि चाऱ्याविना जनावरे तर माणसांच्या आधी गेली. पाऊस परत आला तेव्हा रान होते, बियाणे कसेबसे होते, पण जू ओढायला बैल नव्हता, अशी अवस्था घरोघरी होती.

या दुष्काळानंतर दोन-चार वर्षांनी, साधारण 1880 च्या सुमारास, दक्षिण मराठा संस्थानांत बैल सुधारण्याचा तो प्रयत्न सुरू झाला ज्यातून पुढे कृष्णाखोरी जात उभी राहिली. सांगलीत तेव्हा धुंडिराज चिंतामण ऊर्फ तात्यासाहेब पटवर्धनांची कारकीर्द होती. ती 1851 ते 1901 अशी पन्नास वर्षे चालली. जोशी आणि फिलिप्स यांनी जागतिक अन्न व कृषी संघटनेसाठी 1953 साली भारत-पाकिस्तानातल्या गोजातींवर जे पुस्तक लिहिले, ते आजही या विषयातले आधारग्रंथ मानले जाते. काळ्या चिकट जमिनीत चालणारा ताकदवान बैल मिळावा म्हणून संस्थानिकांनी हे केले, असे त्यातून कळते. काठेवाडातून गीर आणले, मद्रास इलाख्यातून ओंगोल आणले. गुजरातच्या कांकरेजचेही रक्त यात मिसळले, असे मानले जाते. आणि या सगळ्यांचा संकर झाला तो इथल्या, म्हैसुरी वळणाच्या गायींशी. खिल्लार आणि हल्लीकर ज्या घराण्यातले, त्याच घराण्याच्या या गायी.

या निवडीतले शहाणपण पाहा. ओंगोल हा आंध्रच्या किनाऱ्याकडचा बैल, तिकडच्या काळ्या रानात काम केलेला, थोराड आणि ओढीला दमदार. गीर जड हाडाची, स्वभावाने शांत, दुधाला चांगली, फुगीर कपाळाची. इथली गाय काटक, इथल्या उन्हाला, पाण्याला आणि गोचिडांना सरावलेली, पण अंगाने हलकी आणि दुधाला कमी. म्हणजे बाप बाहेरून आणले आणि आया इथल्याच ठेवल्या. आजचे जनुकशास्त्र सांगते की पेशीतल्या मायटोकाँड्रियाचा वारसा फक्त आईकडून येतो, बापाकडून नाही. संस्थानी कारभाऱ्यांना हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. परक्या मुलखातून गायींचा कळप हाकून आणण्यापेक्षा चार वळू आणणे स्वस्त, एवढाच त्यांचा हिशोब असणार. पण परिणाम असा झाला की, मुळची स्थानिक काटकता आईच्या बाजूने घरातच राहिली.

संकर करणे सोपे असते. पहिली पिढी बहुतेक वेळा धिप्पाड निघते, आणि पाहणाऱ्याला वाटते काम झाले. खरे काम पुढच्या पिढ्यांत असते. दोन संकरित जनावरांची वासरे एकसारखी येत नाहीत. एक गीरकडे झुकते, एक ओंगोलकडे, एकाला आईची शिंगे तर दुसऱ्याला बापाचे कपाळ. त्यातून हवी तशी खोंडे वळू म्हणून राखायची आणि बाकीची खच्ची करून औताला लावायची, हे काम वर्षानुवर्षे चालले तर तीस-चाळीस वर्षांनी एक साचा स्थिर होतो. कृष्णाखोरीच्या बाबतीत तो झाला. मोठे अवजड धड, आखूड जाड मान, आखूड भरदार पाय, लोंबती पोळी, किंचित फुगीर कपाळ, लहान वळलेली शिंगे. बैलाचा रंग राखाडी-पांढरा, खांद्यावर आणि मागच्या बाजूला गडद, आणि गाय पांढरट. चाल मंद. वेताला सुमारे 900 किलो दूध, म्हणजे ओढकामासाठी राखलेल्या जातीच्या मानाने बरेच. खिल्लारीच्या शेजारी उभा केला तर हा बैल कुणाला सुंदर वाटणार नाही. वाफशाच्या दिवशी मात्र याच्या मालकाकडे गावाची रीघ लागे, असे सांगणारी माणसे मला भेटली आहेत.

इथे आपल्या गावातला एक धागा जोडतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखानदारीची सुरुवात या बेळगावातच केली. कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर ही त्यांची पहिली उत्पादने. नांगर 1903 सालचा. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, त्यामुळे सुरुवातीचे नांगर बराच काळ पडून राहिले. 1910 साली कारखाना औंध संस्थानात कुंडलच्या माळावर गेला आणि तिथे किर्लोस्करवाडी झाली. लोखंडी नांगर माती खरवडून सोडत नाही, उलथवतो. म्हणून त्याला ओढही जास्त लागते. एकाच पिढीत एकाच मुलखात जड नांगर आणि जड बैल दोन्ही तयार झाले, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. आपल्या औद्योगिक इतिहासात पहिल्याला जागा मिळाली आहे, दुसऱ्याला नाही.

आता थोडे शास्त्र, कारण त्याशिवाय पुढचे बोलणे भावनेच्या बाजूला घसरेल. वशिंडाची भारतीय गाय आणि युरोपातली बिनवशिंडाची गाय या दोन शाखा, माणसाने गाय पाळायला सुरुवात करण्याच्या कितीतरी आधी वेगळ्या झालेल्या आहेत. वशिंडाची गाय माणसाळली ती सुमारे आठ हजार वर्षांपूर्वी, बलुचिस्तानातल्या मेहरगढच्या आसपास, असे उत्खननांवरून मानतात. एवढ्या काळात तिचे शरीर उष्ण प्रदेशासाठी घडले. घामाच्या ग्रंथी मोठ्या आणि कातडीच्या पृष्ठभागाजवळ, केस आखूड, पोळी आणि सैल कातडी यांमुळे उष्णता टाकायला जास्त पृष्ठभाग. गोचिडे तिच्या अंगावर तुलनेने कमी टिकतात. गोचीड ताप, ज्याला डॉक्टर मंडळी थायलेरियासिस म्हणतात, तो संकरित गायीला आडवे करतो आणि देशी गाय बहुधा त्यातून उठते.

पण ‘देशी गाय’ ही एकच वस्तू नाही. अकोले-इगतपुरीच्या धुवांधार पावसात राहणाऱ्या डांगीच्या कातडीतून तेलकट स्राव येतो आणि पाणी अंगावरून निथळून जाते; तिचे खूर काळे आणि गारगोटीसारखे कठीण. गोव्यातली श्वेत कपिला अंगाने लहान, डोंगरउताराच्या निकृष्ट चाऱ्यावर भागवणारी. तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद अलीकडेच झाली. वर्ध्याकडची गवळाऊ मराठी फौजांच्या सामानवाहतुकीसाठी जोपासली गेली अशी परंपरा आहे, म्हणून ती चालीला हलकी. उदगीरची देवणी गीर, डांगी आणि स्थानिक गायींच्या मिश्रणातून आली असे म्हणतात. या प्रत्येकीत जनुकांचा एक वेगळा संच आहे, आणि तो संच तिथल्या पावसाने, मातीने, रोगराईने आणि माणसाच्या गरजेने मिळून निवडलेला आहे. माझ्या वैद्यकात रोग्याची प्रकृती पाहिल्याशिवाय औषध देत नाहीत. डांगीला विजापुरात बांधून ती दूध का देत नाही असे विचारणाऱ्यांना मी हेच सांगतो.

म्हणूनच ‘शुद्ध देशी’ या घोषणेविषयी मला शंका आहे. कृष्णाखोरी शुद्ध कुठली? ती तीन-चार मुलखांच्या रक्ताची. तरी ती या मातीला जितकी जुळली तितकी एखादी शुद्ध जात जुळली नसती. दीडशे वर्षांपूर्वी सांगली-जमखंडीच्या लोकांना असा बैल घडवता आला, याचे कारण काठेवाडात गीर जिवंत होती, गुंटूर-नेल्लोरकडे ओंगोल जिवंत होता आणि दारात म्हैसुरी गाय होती. त्यांतले काहीच नसते तर तात्यासाहेबांनी कितीही पैसा ओतला असता तरी हाती काही आले नसते. जनुकीय विविधता हा अवघड शब्द वापरतात त्याचा अर्थ मला तरी एवढाच समजला आहे: पुढच्या गरजेच्या वेळी निवड करायला समोर काहीतरी शिल्लक असणे.

ही गोष्ट परक्यांनी लवकर ओळखली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ब्राझीलचे व्यापारी आपल्याकडचे वळू जहाजाने नेत होते. तिथे ओंगोलचे नाव नेल्लोर झाले, कांकरेजचे गुझेरात. आज ब्राझीलच्या वीस कोटींहून अधिक गोधनात नेल्लोरच्या वंशाचा वाटा सर्वांत मोठा आहे. गीर आणि होल्स्टीन यांच्या संकरातून त्यांनी गिरोलांडो बनवली आणि तिच्यावर दुधाचा मोठा धंदा उभा केला. अमेरिकेत टेक्सासच्या उष्ण, गोचिडांनी भरलेल्या कुरणांत युरोपी गुरे टिकेनात, तेव्हा भारतीय वळू वापरून ‘ब्राह्मण’ नावाची जात तयार झाली. तिच्या पैदासकारांची संघटना 1924 सालची. त्या जातीत कोणकोणते रक्त आहे हे सांगताना अमेरिकन पुस्तके गीर, गुझेरात, नेल्लोर यांच्याबरोबर चौथे नाव घेतात ते कृष्णा व्हॅलीचे. आपल्या रायबाग-जमखंडीच्या बैलाचे नाव टेक्सासच्या गुराख्याला ठाऊक, आणि चिकोडीतल्या कॉलेजात विचारले तर मुले एकमेकांकडे पाहतात.

या जहाजप्रवासाची एक काळी बाजूही आहे. भारतातून ब्राझीलला निघालेली गुरे 1920 साली बेल्जियममधल्या अँटवर्प बंदरात उतरवली गेली आणि त्यांच्याबरोबर बुळकांड्या युरोपात पोचला. त्या धक्क्यातून 1924 साली जनावरांच्या रोगांसाठी आंतरराष्ट्रीय संस्था पॅरिसमध्ये स्थापन झाली. आपल्याकडे या रोगावर संशोधन करणारी इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी 1889 साली पुण्यात सुरू झाली आणि 1893 साली हिमालयात मुक्तेश्वरला हलली. एडवर्ड्स यांनी बकऱ्यांतून वाढवून तयार केलेली लस तिथली. 2011 साली बुळकांड्या पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले, तेव्हा वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळी आल्या होत्या. देवीच्या रोगाखालोखाल माणसाने पूर्णपणे संपवलेला हा दुसराच रोग.

पुन्हा घरी येऊ. राज्यकर्त्यांच्या एका निर्णयाने जात वाढते आणि दुसऱ्या निर्णयाने बुडते, याचे शेजारचे उदाहरण अमृतमहाल. म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयरांच्या काळापासून हे कळप सरकारी कुरणांवर, कावलांवर, राखले जात. हैदर आणि टिपूने ते लष्कराच्या तोफा आणि सामान ओढण्यासाठी वाढवले. टिपू पडल्यावर ते इंग्रजांकडे गेले, आणि 1803 साली वेलस्ली मराठ्यांवर चालून आला तेव्हा त्याच्या फौजेचा वेग या बैलांवर उभा होता. असईच्या लढाईचा आपला इतिहास तोफा आणि फितुरी यांवर पुष्कळ लिहितो, बैलांवर लिहीत नाही. पुढे 1860 साली काटकसर म्हणून सरकारने हा कळप विकून टाकला आणि सहा वर्षांत चूक कळून, 1866 साली, पुन्हा जमवायला घेतला. रयतेकडे आणि इकडेतिकडे काही जनावरे उरली होती म्हणून ते शक्य झाले.

कृष्णाखोरीच्या वाट्याला असा दुसरा निर्णय आला नाही. 8 मार्च 1948 रोजी दक्षिणेतली संस्थाने मुंबई राज्यात विलीन झाली. लोकशाहीच्या दृष्टीने ते व्हायलाच हवे होते. पण वळू निवडण्याची आणि वाटण्याची जी काही संस्थानी व्यवस्था होती तिच्या जागी कुणी आले नाही. 1956 साली राज्यपुनर्रचना झाली आणि जमखंडी, मुधोळ, रामदुर्ग, तेरदाळ म्हैसूर राज्यात गेले, सांगली-मिरज-कुरुंदवाड मुंबईत राहिले. सीमाप्रश्नाने आपल्या माणसांचे काय केले यावर या व्यासपीठावरून पुष्कळ बोलले गेले आहे. एका गोजातीचा मुलूखही त्या रेघेने दोन पशुसंवर्धन खात्यांत वाटला, आणि ती दोघांच्याही यादीत शेवटची राहिली.

त्यानंतर पाणी आले. उपसा योजना, ऊस, साखर कारखाने. काळ्या रानाचा वाफशावरचा भार कमी झाला. ट्रॅक्टरने जे काम चार जोड्या दिवसभर करत ते तासाभरात केले. बागलकोटच्या बाजूला तर अलमट्टीच्या फुगवट्याखाली काठचे कितीतरी काळे रान कायमचे गेले. ज्या कामासाठी हा बैल घडवला ते कामच उरले नाही. खिल्लारला निदान शर्यत होती. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यती थांबवल्या तेव्हा खिल्लार खोंडांचे भाव कोसळले, 2021 साली महाराष्ट्रात परवानगी मिळाली तसे ते पुन्हा चढले, आणि 2023 च्या निकालाने त्यावर शिक्का बसला. प्राण्यांच्या छळाचा प्रश्न माझ्या मते त्यात आजही शिल्लक आहे. पण शर्यतीने खिल्लारला ग्राहक दिला हे नाकारता येत नाही. कृष्णाखोरी मंद चालीची. तिला शर्यतीत कोण विचारणार?

दुसरीकडे दूध आले. 1970 पासूनच्या दूधक्रांतीत जर्सी आणि होल्स्टीनच्या संकराने गोठे भरले. याला शिव्या घालण्याची हल्ली फॅशन आहे, त्यात मी सामील होत नाही. माझ्या दवाखान्यात येणाऱ्या कितीतरी बाया औषधाचे पैसे दूध संघाच्या दहा दिवसांच्या बिलातून देतात. तो पैसा त्यांच्या हातात येतो, नवऱ्याच्या नाही. त्यांना ‘जर्सी काढा’ असे सांगायला माझी जीभ रेटत नाही. पण त्याच बाया मार्च-एप्रिलमध्ये सांगतात की गाय धापा टाकते, खात नाही, गाभ राहत नाही, गोठ्याला पंखा लावला, आता फॉगर लावा म्हणतात. उन्हाळा दरवर्षी कठीण होत चालला आहे. 2019 च्या पशुगणनेत देशातले गोधन 19 कोटी 25 लाखांच्या आसपास निघाले. आधीच्या गणनेपेक्षा देशी जनावरे सुमारे 6 टक्क्यांनी घटली आणि विदेशी-संकरित वाढली. त्या घटीत कुठली जात किती गेली हे टक्केवारीत दिसत नाही. लाखांत असलेली जात सहा टक्के घटली तर काही बिघडत नाही. शेकड्या-हजारांवर आलेली जात घटली की नातेसंबंधातलीच वीण सुरू होते, वळू थोडे, त्याच वळूच्या मुलींना त्याचाच मुलगा, आणि काही पिढ्यांत वासरे दुबळी होतात.

आणि आता देशी गायीचे वेड आले आहे. त्यात चांगला पैसा असलेला माणूस गुजरातमधून गीर आणतो आणि बेळगावजवळच्या फार्महाऊसवर बांधतो. सरकारी दवाखान्यातही गावठी गायीला गीरचे वीर्य भरून देतात. म्हणजे देशीच्या नावाखाली स्थानिक जातच पुसली जाते. देशी म्हटले की रोग होत नाही, हेही खरे नाही. 2022 च्या लंपीच्या साथीत राजस्थान, गुजरात, महाराष्ट्रात देशी गायीही मोठ्या संख्येने आजारी पडल्या.

आमच्या समाजाशी संबंध येतो म्हणून एक गोष्ट बोलतो. या भागातले जैन बहुसंख्येने शेतकरी आहेत. श्रावकाच्या अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध, ते वाचले की गोठ्याचेच नियम वाटतात: करकचून बांधू नये, मारू नये, अंग कापू नये, झेपेल त्याहून जास्त ओझे लादू नये, चारापाणी तोडू नये. श्रावकाने टाळायच्या व्यवसायांत जनावरे खच्ची करण्याचा धंदाही मोजला आहे. पण मघाशी सांगितले तसे, थोड्यांना वळू म्हणून राखून बाकीच्यांना खच्ची केल्याशिवाय जगात कुठलीही जात घडलेली नाही. आमच्या आजोबा-पणजोबांनी हे काम शेजारच्याकडून करून घेतले आणि त्यावर कुणी फारसे बोलले नाही. आज समाज पांजरपोळांना उदार हाताने देणग्या देतो, आणि तिथे म्हाताऱ्या, भाकड, अपंग जनावरांची जी सेवा चालते तिच्यापुढे मी हात जोडतो. मात्र पांजरपोळात येणारे जनावर आयुष्याच्या शेवटी येते. तिथे नर-मादी वेगळे ठेवतात, वीण होऊ देत नाहीत, आणि तेच योग्य आहे. त्यामुळे तिथे कृष्णाखोरीची एखादी गाय सुखाने मरू शकते, तिची जात मात्र वाढत नाही. देणगीतला एक लहान हिस्सा, एखाद्या तरुण शेतकऱ्याने चार कृष्णाखोरी गायी आणि एक वळू राखावा म्हणून त्याच्या वैरणीसाठी द्यावा, असे मी दोन-तीन सभांत सुचवले. लोकांनी शांतपणे ऐकून घेतले आणि पुढचा विषय घेतला.

1984 साली स्थापन झालेली राष्ट्रीय पशुआनुवंशिक संसाधन संस्था कर्नालला आहे, तिच्या यादीत कृष्णाखोरीची नोंद आहे. द्रव नायट्रोजनमध्ये उणे 196 अंशांवर वीर्याच्या कांड्या वर्षानुवर्षे टिकतात, ही मोठी सोय आहे. पण कांडी कुणाला तरी भरावी लागते, आणि त्या गायी अथणी-जमखंडी-मुधोळकडच्या थोड्याफार दावणींवरच आहेत. त्या राखणारे लोक बहुतेक साठीच्या पुढचे, माझ्याच वयाचे. त्यांची मुले त्यांना विचारतात की हिच्या वैरणीत दोन एचएफ बसतील, ही कशाला? बाप काहीतरी पुटपुटतो.

या व्याख्यानासाठी साधने जमवताना मला जाणवले की जुन्या घरांतून पुष्कळ ऐवज पडून आहे. बैलबाजारातल्या खरेदीच्या पावत्यांत जनावराचा रंग, शिंगांचे वळण, दात आणि अंगावरच्या खुणा लिहिण्याची पद्धत होती. बेंदराच्या मिरवणुकीचे फोटो आहेत, त्यांत माणसांची नावे मागे लिहिलेली असतात आणि बैल स्पष्ट दिसतो. संस्थानच्या शेतकी प्रदर्शनांची प्रशस्तिपत्रे, वळू दिल्या-घेतल्याची टिपणे, सालगड्याच्या हिशोबाच्या वह्या यांतूनही कुठल्या गावात कुठला बैल कधीपर्यंत होता ते कळते. शहापूर, तेरदाळ, रायबाग, कुडची, अथणी या बाजूच्या कुणाच्या माळ्यावर असे काही असेल, तर ते रद्दीत घालू नये. मंडळाच्या ग्रंथालयात आणून द्यावे, किंवा मला निरोप द्यावा, मी स्वतः येऊन छायाप्रत काढून घेईन. दवाखाना रविवारी बंद असतो.